दहाव्या मजल्यावरचा औदुंबर

बाळासो इंगवले यांना आयुष्यभर एकच गोष्ट हवी होती : लोकांनी आपल्याला विचारावं. काय विचारावं, याबद्दल त्यांचा आग्रह नव्हता. म्हैस घेऊ का, पोरगी कुठं देऊ, बोअर कुठं मारू, मत कुणाला टाकू. काहीही चाललं असतं. फक्त काही करायच्या आधी माणसानं दारात यावं, चपला काढाव्यात आणि म्हणावं, “बाळासो, तुमचं काय म्हणणं हाय?” वयाच्या पन्नाशीपर्यंत हे फारसं घडलं नाही. बाळासोंना विचारून एखाद्याचं भलं झाल्याचं उदाहरण गावात नव्हतं.

गाव कोल्हापूरच्या पूर्वेला, हायवेच्या बाजूला. नव्वदच्या दशकात शहर सरकत सरकत गावापर्यंत आलं आणि मग गाव ओलांडून पुढं निघून गेलं. बाळासो तिथल्या मध्यम शेतकऱ्याचा थोरला मुलगा. तरुणपणी तालमीत जायचे. जत्रेत दोन कुस्त्या केल्या, दोन्हींत पाठ लागली. पुढं तालमीच्या कट्ट्यावर बसून दुसऱ्यांच्या कुस्तीतल्या चुका सांगायचं काम त्यांनी आवडीनं पत्करलं. ग्रामपंचायतीला दोनदा उभे राहिले, दोनदा पडले. साखर कारखान्याच्या निवडणुकीत अर्ज भरला, माघारीच्या दिवशी काढून घेतला आणि निवडून आलेला संचालक आपल्या माघारीमुळंच आला, असं पुढची पाच वर्षं सांगत राहिले. त्या संचालकाला त्यांचं नावही ठाऊक नव्हतं.

बायको अंबूबाई. शेत, म्हशी आणि बाळासो ही तिन्ही कामं तिनं तीस वर्षं केली आणि त्यांतल्या एकाबद्दलही कुणाकडं कौतुक मागितलं नाही. मुलगा आदर्श पुण्यात नोकरीला. तो दिवाळीला येई आणि भाऊबीज झाली की जाई.

एकोणीसशे नव्याण्णव साली रस्त्याकडेचं शेत एका बिल्डरनं मागितलं. भावकीतल्या बाकीच्यांनी आपापल्या जमिनी विकून माळावर बंगले बांधले. बाळासोंना बिल्डरनं वेगळीच गोष्ट सांगितली. “इथं टॉवर होणार. तुम्हाला दहावा मजला देतो. त्याच्या वर फक्त पाण्याची टाकी. सबंध शहरात तुमच्या वर कोण राहणार नाही.” बाळासोंनी त्याच बैठकीत होकार दिला. अंबूबाईला घरी आल्यावर सांगितलं.

“आनि म्हशी?” तिनं विचारलं.

“म्हशी काय लिफ्टनं न्हेतीस?”

म्हशी विकल्या.

इमारतीचं नाव ‘हरितगंगा’. चार मजल्यांच्या इमारतीलाही मान वर करून बघणाऱ्या गावात ती दहा मजल्यांची उभी राहिली, आणि ती झाडांनी झाकलेली असेल अशी जाहिरात झाली. बिल्डर एका सिमेंट कंपनीच्या सहलीतून सिंगापूरला जाऊन आला होता. तिथं त्यानं वेलींनी मढवलेलं हॉटेल पाहिलं आणि ते त्याच्या डोक्यात राहिलं. प्रत्येक फ्लॅटच्या गॅलरीला बाहेरच्या अंगानं सिमेंटचा लांब हौद. त्यात पुण्याच्या आर्किटेक्टनं निवडलेली झाडं, पाम, बांबू, खाली लोंबणाऱ्या वेली. जाहिरातीच्या चित्रात इमारत हिरवीगार होती, खालून एक गोरी बाई कुत्रा घेऊन चालली होती आणि पाठीमागं कोल्हापुरात कुठंच नसलेला समुद्र होता. शहरानं नेहमीप्रमाणं ‘जगात भारी’ असा निकाल दिला आणि विषय संपवला.

राहायला आले ते लोक कुत्रा घेऊन फिरणारे नव्हते. शेत विकलेले शेतकरी, गुळाचे अडते, निपाणीकडचे व्यापारी, दोनचार डॉक्टर. या सगळ्यांचं एका बाबतीत एकमत होतं : बिल्डरची झाडं निरुपयोगी आहेत. पामला फळ येत नाही, वेलीची भाजी होत नाही. त्या हौदाला आर्किटेक्टचा इंग्रजी शब्द होता; तो कुणी उच्चारला नाही. पहिल्या महिन्यातच सगळे त्याला ‘वाफा’ म्हणू लागले, आणि वाफा म्हटल्यावर त्यात काय करायचं हे कुणी कुणाला शिकवायची गरज नव्हती. दुसऱ्या मजल्यावर मिरच्या आल्या, चौथ्यावर अळू, आठव्यावर कुणी हौसेनं उसाचं बेट लावलं. बाहेरून इमारत एखाद्या पडक्या गोठ्यावर गवत माजावं तशी दिसू लागली. तरी एका क्लबानं तिला पर्यावरणाचा पुरस्कार दिला. परीक्षक खालूनच बघून गेले.

बाळासोंचा वाटा मात्र मिरच्या आणि अळवाहून मोठा होता. वाफ्यात आर्किटेक्टनं हलकी माती भरली होती, निम्मा काथ्याचा भुसा. बाळासोंनी ती मूठभर उचलली, हुंगली आणि खाली टाकली.

“ही माती हाय?” ते म्हणाले. “ही तर गादीतली काढल्याली.”

त्यांनी उरलेल्या शेतातून ट्रॅक्टरभर काळी माती आणवली. पोत्यात भरून लिफ्टनं दहाव्या मजल्यावर चढवली आणि वाफा काठोकाठ भरला. लिफ्टमध्ये भेटेल त्याला त्यांनी ती माती मळून दाखवली. “बोटाला चिकटती बघा. सोनं हाय, सोनं.” महिन्याभरात इमारतीतल्या निम्म्या लोकांनी ट्रॅक्टर सांगितले. बाळासोंच्या आयुष्यात पहिल्यांदाच लोकांनी त्यांचं ऐकलं होतं.

आता, काळी माती पाण्यानं फुगते, उन्हात आकसते, तिच्यावर बांधलेल्या भिंती फाटतात, हे या पट्ट्यात लहान मुलालाही माहीत असतं. घराचा पाया काळीत घालायचा नाही, मुरूम लागेपर्यंत खणायचं, हे इथले लोक पिढ्यान्पिढ्या पाळत आले. काळीवर घर बांधायचं नाही हे ज्यांना पक्कं ठाऊक होतं, त्यांनी काळी घरावर नेऊन ठेवली. आणि उसाला देतात तसं पाणी दिलं. बाळासो सकाळी पाइप वाफ्यात सोडत, चहा घेत, पेपर वाचत, आंघोळ करत आणि मग पाइप काढत. पाणी दाखवलं की पीक येतं, ही त्यांची शेतीबद्दलची एकमेव कल्पना होती. शेत त्या कल्पनेला का दाद देत नव्हतं, याचा त्यांनी विचार केला नव्हता. शेत अंबूबाई बघायची.

त्यांच्या बरोबर खाली, नवव्या मजल्यावर, शिवकुमार पट्टणशेट्टी हा निपाणीकडचा कापडव्यापारी बायको आणि म्हाताऱ्या आईसह राहत होता. आईचं नाव अक्काताई. तिची खोली बाळासोंच्या वाफ्याखाली येत होती. पहिल्याच पावसाळ्यात तिच्या छताला ओल आली. शिवकुमार वर आला. तो मवाळ माणूस. तक्रार करतानाही गिऱ्हाइकाला ठाण दाखवल्यासारखं बोलायचा.

“बाळासो, वाईट वाटून घेऊ नका. पाणी जरा कमी सोडता काय? आमच्या अव्वाच्या खोलीत गळतंय.”

“बिल्डरला सांगा की ओ पावणं. त्यानं बांदलंय.”

“बिल्डर म्हणतोय, मातीला सांगा.”

“मग मातीला सांगा,” बाळासो म्हणाले आणि स्वतःच्या विनोदावर बराच वेळ हसले.

पाम कुजला. बांबू पिवळा पडला. दोन हजार तीनच्या पावसाळ्यात वाफ्याच्या कोपऱ्यात एक रोप आलं. रुंद पान, तांबूस देठ. बाळासो ते उपटायला वाकले होते. मागून अंबूबाई ओरडली, “हात लावू नगासा! उंबर हाय त्यो.”

“मग?”

“मग काय? दत्तम्हाराजाचं झाड. आपनहून आलंय. ऱ्हाऊ द्या.”

कोल्हापुरात उंबर उगवायला देव लागत नाही, कावळा पुरतो. जुन्या पुलांच्या दगडांत, सरकारी कचेऱ्यांच्या गच्चीवर, सार्वजनिक मुताऱ्यांच्या भिंतींत उंबर येतात, आणि ते कापायला कुणी धजत नाही म्हणून वाढतात. अंबूबाईला हेही माहीत होतं. पण ती दर पौर्णिमेला नृसिंहवाडीला जाणारी बाई. जिथं आला तिथं त्याला हात लावायचा नाही, एवढंच तिचं म्हणणं. रोज ती त्याला तांब्याभर पाणी घालायची आणि आपल्या कामाला लागायची. बाळासोंना त्या झाडात काही दिसत नव्हतं.

ते दिसलं पुढच्या वर्षी. सहाव्या मजल्यावरचे एक निवृत्त मास्तर बाळासोंच्या पाइपमुळं वाढलेल्या पाणीपट्टीबद्दल भांडायला वर आले होते. आवाज चढलेला होता. बोलता बोलता त्यांची नजर गॅलरीत गेली, तिथं कमरेएवढा उंबर. मास्तर थांबले. चपला त्यांनी आधीच काढलेल्या होत्या. आता टोपी सरळ केली, हात जोडले आणि दहाव्या मजल्यावरच्या उंबराला वाकून नमस्कार केला. मग बाळासोंकडं वळून अगदी वेगळ्या आवाजात म्हणाले, “इतक्या उंचीवर स्वतः आले! तुमच्याकडंच का आले असतील, सांगा बघू?”

प्रश्न होता. बाळासोंना विचारलेला. त्यांनी थोडा वेळ घेतला, आणि त्या वेळात ते भक्त झाले.

“सपनात आल्ते,” ते म्हणाले.

स्वयंपाकघरात अंबूबाईच्या हातातली पळी थांबली. मास्तर गेल्यावर ती म्हणाली, “कवा आल्ते सपनात? रातभर तर घोरताय.”

“तुला काय कळतंय त्यातलं?”

त्या वर्षापासून गुरुवारी माणसं येऊ लागली. आधी इमारतीतली, मग आसपासच्या कॉलन्यांतली, मग गावातली. ज्या गावानं बाळासोंना दोनदा पाडलं होतं, तेच. दारात चपलांचा ढीग होऊ लागला. बाळासो सोवळं नेसून खुर्चीवर बसत आणि विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं देत. म्हैस घ्यावी का. पोरगी कुठं द्यावी. उत्तरं ते पूर्वीसारखीच देत होते, फरक इतकाच की आता ती डोळे मिटून देत. एकाला त्यांनी बोअर मारायची जागा सांगितली. पाणी लागलं नाही. तो माणूस पुढच्या गुरुवारी परत आला आणि आपल्याच हातून काय चुकलं असेल, हे विचारू लागला. देवाच्या शेजारी खुर्ची टाकण्याचा हा फायदा बाळासोंना तोवर माहीत नव्हता.

अडचण प्रदक्षिणेची होती. औदुंबराला प्रदक्षिणा घालायला हवी, आणि हा औदुंबर गॅलरीच्या बाहेरच्या अंगाला होता. त्याच्या पलीकडं दहा मजले हवा. काही बायका जागेवरच स्वतःभोवती फिरत. एकीला चक्कर आली आणि तिला अंगात आल्याची बातमी झाली. मग मास्तरांनी तोड काढली. झाड इमारतीत आहे. इमारतीला प्रदक्षिणा घातली की झाडाला घातल्यासारखीच. तेव्हापासून गुरुवारी पार्किंगमधून ओलेत्यानं माणसं फिरू लागली. जनरेटरजवळून, कचऱ्याच्या डब्याला वळसा घालून, मारुती व्हॅनच्या आरशांना धक्के देत. वॉचमन गुंडू प्रत्येक फेरीला ओरडायचा, “ओ काकू, गाड्या वाचवून देवधरम करा! आरसा मोडला तर दत्त म्हाराज भरून देनार न्हाईत.”

सातव्या मजल्यावरच्या गणपतरावांना या प्रकारातलं तर्कशास्त्र पहिल्यांदा उमगलं. गणपतराव शाहूपुरीतले गुळाचे अडते, जाड सोन्याची साखळी घालणारे. “म्हंजे लोक मलाबी प्रदक्षिना घालत्यात की,” ते लिफ्टमध्ये म्हणाले. सगळे हसले. गणपतराव हसले नाहीत.

इकडं नवव्या मजल्यावर अक्काताईचा पलंग वर्षभरात तीनदा हलला होता. दोन हजार पाचच्या पुराच्या पावसात छतातून धार लागली, आणि धार थांबल्यावर कोपऱ्यातल्या चिरेतून एक बारीक, पांढरट मुळी खाली आली. शिवकुमारनं ती कापली. पंधरवड्यात दुसरी आली. या वेळी तो आईला घेऊनच वर गेला. गुरुवार होता, खोली भरलेली होती.

“बाळासो, मुळ्या आल्यात आमच्या घरात.”

बाळासोंनी डोळे उघडले नाहीत. “भाग्यवान हाईसा. देवाचं चरन खाली तुमच्या घरात आल्यात. आनि गळतंय म्हंता ते पानी न्हवं, तीर्थ हाय.”

खोलीत ‘वा’ उमटली. अक्काताई काठीवर रेलून उभी होती. ती आयुष्यभर कानडी-मराठीच्या सीमेवर राहिलेली बाई. दोन्ही भाषांत कुणाला भ्यायची नाही.

“तीर्थ असलं तर तांब्यातनं हातावर द्या की हो,” ती म्हणाली. “झोपलेल्या बाईच्या तोंडावर कशाला ओतताय?”

एकदोघं हसली. पण हसणाऱ्यांनीच पुढच्या महिन्यात बाळासोंना सोसायटीचं चेअरमन केलं. बिनविरोध. अर्ज एकच होता. माघार घेण्याचा त्यांचा सराव त्या दिवशी कामी आला नाही. दारावर पितळी पाटी लागली. आता लिफ्टमध्ये लोक त्यांना ‘चेअरमन’ म्हणत, आणि पाण्याचा टँकर मागवण्यापासून गणपतीची वर्गणी ठरवण्यापर्यंत सगळं त्यांना विचारून होई. आदर्श दिवाळीला आला तेव्हा वडिलांच्या पाया पडायला त्याला रांगेत उभं राहावं लागलं. तो पुण्याला एक दिवस आधी निघून गेला.

दोन हजार सहाच्या मार्गशीर्षात, दत्तजयंतीला, गणपतरावांनी उत्तर दिलं. नृसिंहवाडीहून औदुंबराचं पुरुषभर उंचीचं झाड मातीच्या गोळ्यासकट टेम्पोत घालून आणलं. पुढं हलगी, मागं बायका कलश घेऊन. चौकात डिजिटल फलक : झाडाचा छोटा फोटो, गणपतरावांचा मोठा. गुरुजींनी दोन तास पूजा सांगितली. सातव्या मजल्यावरच्या वाफ्यात झाड लागलं. त्यालाही खाली बाळासोंच्या सल्ल्यानं भरलेली काळी मातीच होती. प्रसादाला पेढे.

“माजा खुद्द वाडीचा हाय,” गणपतराव जिन्यात म्हणाले. “कावळ्यानं टाकल्याला न्हवं.”

बाळासोंनी निरोप पाठवला : “लावल्याला येगळा आनि स्वयंभू येगळा. मानूस फोटो लावून दत्त हुतो काय?”

फरक शास्त्राचा होता. पण सातवा मजला दहाव्यापेक्षा तीन मजले खाली होता. लिफ्ट आठवड्यातून दोनदा बंद असायची. गुडघे दुखणाऱ्या बायकांनी आधी सातव्यावर थांबायला सुरुवात केली, मग तिथूनच वरच्या झाडाला हात जोडायला, मग तेही सोडलं. पेढ्यांनी उरलेलं काम केलं. प्रदक्षिणेचा प्रश्नच नव्हता, इमारत तीच. एका वर्षात तिसऱ्या, पाचव्या आणि आठव्या मजल्यावरही औदुंबर लागले. आठव्यानं त्यासाठी ऊस काढून टाकला. प्रत्येकाचा गुरुवार, प्रत्येकाची खुर्ची. खालून बघणाऱ्याला इमारत अखेर जाहिरातीतल्या चित्रासारखी दिसू लागली. बिल्डरनं नवे फोटो काढून घेतले.

दहाव्या मजल्यावर गुरुवारी मास्तर तेवढे येत. एके दिवशी तेही घाईत होते.

“सातव्यावर आरती आहे,” ते म्हणाले. “तुमच्याकडं नंतर निवांत येतो.”

त्या रात्री बाळासो जेवले नाहीत. सकाळी उठले ते इमारतीच्या सुरक्षिततेची काळजी घेऊनच.

ही काळजी त्यांच्यात पाच वर्षांत एकदाही आढळली नव्हती. आता ती मावेना. झाडांच्या मुळ्या भिंती फोडतात, हे त्यांनी भेटेल त्याला सांगायला घेतलं. अक्काताईच्या खोलीत ते स्वतः जाऊन आले. छताकडं बघून चुकचुकले आणि शिवकुमारला म्हणाले, “बघा, ह्या लोकांनी काय चालीवलंय!” छताच्या वर कुणाचं घर आहे, हे सांगावं की नाही, याचा शिवकुमार विचार करत होता. मग त्याला दिसलं की हा माणूस इंजिनिअर बोलवायला तयार आहे. तो म्हणाला, “बरोबर हाय चेअरमन. बोलवाच.”

सोमेश नावाचा तरुण इंजिनिअर आला. चार दिवस हातोडीनं ठोकून, चिरा मोजून, वाफे उकरून गेला. पुढच्या रविवारी पार्किंगमध्ये सभा झाली. दोन हजार आठचा मे महिना, पावसाळा दारात. बाळासो पुढच्या खुर्चीवर फेटा बांधून बसले. प्रास्ताविकात त्यांनी धर्म आणि विज्ञान यांची सांगड घातली, काही लोकांनी केवळ मोठेपणासाठी देव विकत आणल्याबद्दल खेद व्यक्त केला आणि इंजिनिअरांनी निर्भीडपणे बोलावं, असं आवाहन केलं.

सोमेश निर्भीडपणे बोलला. सगळ्या वाफ्यांतली काळी माती काढावी लागेल, सगळे औदुंबर काढावे लागतील. सातवा, आठवा, पाचवा, तिसरा यांना दिवाळीपर्यंत मुदत देता येईल. दहाव्याला नाही.

“दहाव्या मजल्याचा वाफा भिंतीपासून सुटलाय,” तो म्हणाला. “मातीनं फुगून बाहेर ढकललाय आणि मुळ्यांनी आतून उचललाय. आता तो झाडामुळंच खाली पडला नाही, असं म्हटलं तरी चालेल. पावसाच्या आधी झाड आणि माती दोन्ही काढा. नाहीतर ते नवव्या मजल्यावरच्या आजींच्या खोलीवर येईल, किंवा थेट आपण बसलोय तिथं.”

लोकांनी वर बघितलं आणि खुर्च्या सरकवल्या.

“काय तरी घोटाळा हुतोय,” बाळासो म्हणाले. “माजा स्वयंभू हाय. ह्यांनी लावल्यात ते येगळं.”

“काका, मुळीला ते कळत नाही.”

“अवो, पर सातव्यावरचा केवढा हाय बघा की! त्यो आदी काढा.”

गणपतराव आरामात पाय पसरून बसले होते. “चेअरमन,” ते म्हणाले, “इंजिनिअर कुनी आनला?”

सभेत हशा झाला. ठराव एकमतानं झाला : दहाव्याचा ताबडतोब, बाकीच्यांचा दिवाळीनंतर विचार. ठरावाखाली अध्यक्ष म्हणून सही बाळासोंची होती.

झाड काढायचं ठरलं, पण कापणार कोण? इमारतीतल्या प्रत्येकाला ते पडायला हवं होतं आणि एकालाही कुऱ्हाड धरायची नव्हती. औदुंबर तोडला की निर्वंश होतो, असं मास्तरांनी सांगितलं, आणि मजुरांना ते त्यांच्याहून आधीच माहीत होतं. दोन टोळ्या वर येऊन झाड बघून परत गेल्या. गणपतरावांनी सुचवलं की शिवकुमारनं तोडावं. “तुमी लिंगायत मानसं. तुमास्नी दत्ताचं काय?”

“अन् निर्वंश काय जात विचारून हुतोय?” शिवकुमार पहिल्यांदाच चढ्या आवाजात म्हणाला. “आमच्या अव्वाच्या डोक्यावर टांगलंय ते आमीच तोडायचं, आनि पापबी आमीच घ्यायचं?”

कुणी तोडायला मिळत नाही, हे बाळासोंना दैवी वाटू लागलं होतं. झाड राहिलं तर लोक म्हणतील, इंजिनिअरसुद्धा हरला. मग सातवा मजला काय चीज? ते पुन्हा सोवळं नेसू लागले. मास्तरांना त्यांनी सांगितलं की महाराज स्वप्नात येऊन म्हणाले, मी हितनं हलणार न्हाय. मास्तरांनी ते सगळ्या मजल्यांवर पोचवलं.

जूनच्या पहिल्या आठवड्यात एक वळीव झाला. सकाळी शिवकुमारची बायको वर आली आणि अंबूबाईला खाली घेऊन गेली. छताचा परातीएवढा पोपडा अक्काताईच्या उशीशेजारी पडला होता. अक्काताई खुर्चीवर बसून चहा पीत होती.

“कुशीवर वळली हुती म्हणून,” ती म्हणाली. “रोज काय वळती असं न्हाई.”

अंबूबाई वर आली. बाळासो खुर्चीवर डोळे मिटून बसले होते. तिनं देवघरातून हळदकुंकू घेतलं, तांब्यात दूध घेतलं, आणि माळ्यावरच्या पोत्यातून उसाचा कोयता काढला. झाडाच्या बुंध्याला हळदकुंकू लावलं. दूध घातलं. हात जोडून, शेजारणीशी बोलावं तशा आवाजात म्हणाली, “देवा, खाली म्हातारी निजती. मी तोडतो. काय लागायचं ते मला लागू दे, पोराबाळांस्नी नगं.”

पहिल्या घावाला बाळासोंनी डोळे उघडले.

“अगं ए! काय कराय लागलीस? मला इचारलंस काय?”

“न्हाय,” ती म्हणाली आणि दुसरा घाव घातला.

तिनं फांद्या छाटल्या, शेंडा दोरीनं आत ओढून घेतला. उंबराचं लाकूड मऊ; तासाभरात बुंधा तुटला. तोवर कोयत्याचा आवाज ऐकून दारात माणसं जमली होती. घाव घालायला जे लोक मिळत नव्हते, ते आता मिळाले. झाड तुटलेलं होतं. पाप लागून गेलं होतं, तेही दुसऱ्याला. उरलं ते सगळं पवित्र होतं. मास्तरांनी होमाच्या समिधांसाठी बारीक काटक्या मोजून घेतल्या. आठव्या मजल्यावरच्या बाईनं पानं ओच्यात भरली. कुणी सालीचा तुकडा, कुणी चीक कापसावर. शिवकुमारनं मजूर बोलावले आणि ते निमूटपणे काळी माती पोत्यात भरू लागले. माती काढायला निर्वंशाची भीती नव्हती.

सगळ्यांत शेवटी गणपतराव आले. बुंधा त्यांनी हातानं चाचपून बघितला.

“वैनी,” ते अंबूबाईला म्हणाले, “खोड न्हेऊ काय मी? पादुका करून घेतो. माज्या झाडाखाली बसवतो.”

अंबूबाई कोयता पुसत होती. “न्या की,” ती म्हणाली.

बाळासो गॅलरी आणि हॉल यांच्यामधल्या उंबऱ्यात उभे होते. “माज्या घरातनं—” एवढं त्यांनी सुरू केलं. पुढचं ऐकायला कुणाला सवड नव्हती. गणपतरावांची दोन माणसं खोड उचलून दाराकडं निघाली होती आणि मधल्या पॅसेजमध्ये अडली होती.

“चेअरमन, जरा सरका,” त्यांतला एक म्हणाला. “खोड वळंना.”

बाळासो भिंतीला पाठ लावून उभे राहिले.